मधलं नाव

पत्रकारितेच्या वर्गात पहिल्याच दिवशी माझ्याबद्दल एक बातमी लिहिली गेली. पाच ओळींची. तिच्यात सहा चुका होत्या.

लिहिली होती माझ्या शेजारी बसलेल्या मुलीने. सरांनी वर्गात आल्यावर हजेरी घेतली नाही, स्वतःची ओळख करून दिली नाही. दोघादोघांच्या जोड्या पाडल्या आणि म्हणाले, "दहा मिनिटं एकमेकांशी बोला. मग एकमेकांची बातमी लिहा." लिहून झाल्यावर प्रत्येकाने उभं राहून स्वतःबद्दलचीच बातमी मोठ्याने वाचायची होती. मी वाचायला लागले. वडिलांचं नाव चुकलं होतं. ते तुर्भ्याच्या कारखान्यात सुपरवायझर होते, त्यांना 'हेल्पर' केलं होतं. आणि मी म्हणे 'नाइलाजाने' या कोर्सला आले होते. वर्ग हसला. मीही हसले, पण माझे कान तापले होते.

"कसं वाटलं?" सरांनी विचारलं.

"ठीक आहे सर. चालतं."

"चालत नाही. तुला राग आलाय आणि तू तो गिळतेयस. हा राग लक्षात ठेव. मी तीन वर्षं एवढंच शिकवणार आहे. बाकीचं पुस्तकात आहे."

सरांचं नाव मी इथे लिहीत नाही. या हकिकतीत आणखी एक गृहस्थ येतात, ज्यांचं नाव लिहिता येणार नाही. एकाचं नाव छापायचं आणि दुसऱ्याचं झाकायचं, हे सरांना आवडलं नसतं.

आम्ही मुलं त्यांना पाठीमागे 'मधलं नाव' म्हणायचो. कारण कुठलाही मजकूर हातात घेतला की त्यांचा पहिला प्रश्न हाच असायचा. "मधलं नाव?" बातमीत एखाद्या माणसाचं नुसतं नाव आणि आडनाव असेल तर कागद तसाच परत यायचा. आमच्या वर्गातली एक मुलगी वडिलांऐवजी आईचं नाव लावायची. ती घाबरत घाबरत म्हणाली, "सर, माझं मधलं नाव आईचं आहे." सर एकदम खूश. "उत्तम! कोणाचंही असू दे. मधे कुणीतरी पाहिजे, म्हणजे माणूस चुकत नाही."

त्यांचं दुसरं वैर 'असे समजते' या शब्दांशी. कुणी तसं लिहिलं की ते चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "कोणाला समजते? त्याला इथे घेऊन ये." एका मुलाने खरोखरच आपल्या मामाला आणलं होतं. सरांनी मामांना पहिल्या बाकावर बसवलं, चहा मागवला आणि पाऊण तास त्यांची उलटतपासणी घेतली. शेवटी मामा म्हणाले, "मला पण रिक्षावाल्यानेच सांगितलं हो." सर वर्गाकडे वळून म्हणाले, "आता त्या रिक्षावाल्याला आणा."

रिक्षावाल्यांची तर ते स्वतःच चौकशी करत. उतरताना पूर्ण नाव विचारायचे, मग ते नाव घेऊन आभार मानायचे. कोपरखैरण्याच्या स्टँडवर एकजण कावराबावरा होऊन मला म्हणाला होता, "काय झालं मॅडम, साहेब कंप्लेंट टाकनार काय?"

ते कोपरखैरण्यातच राहायचे, पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. पत्रकारितेचा प्राध्यापक म्हणजे घरभर रद्दी असणार, अशा कल्पनेने मी पहिल्यांदा गेले, तर घर लख्ख. भिंतीशी फक्त चपलांच्या खोक्यांची रांग होती. त्यांत कात्रणं होती, तीही एकाच प्रकारची. वर्तमानपत्रात आधीची बातमी चुकली की आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा येतो ना, ते खुलासे. सर रोज सगळे पेपर चाळायचे, तेवढे कापून घ्यायचे आणि बाकीचा पेपर काकूंच्या स्वाधीन करायचे. काकू मला म्हणाल्या, "आमच्याकडे पाच पेपर येतात. पण वाचायला घेतला की आतल्या पानाला खिडकी असते."

हाच त्यांच्या संशोधनाचा विषय होता. चुकीची बातमी ज्याच्याबद्दल छापून आली, त्या माणसाचं खुलाशानंतर काय झालं? कात्रणावरून पत्ता काढून ते त्या त्या माणसाकडे जायचे. कुठे एक कंपाउंडर, कुठे एक एसटीचा कंडक्टर, कुठे अंगणवाडीच्या बाई. सुट्टीत लोक महाबळेश्वरला जातात, सर असल्या माणसांच्या ओसरीवर जाऊन बसायचे. पुढे जमाना बदलला तेव्हा त्यांनी सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर शिरकाव करून घेतला. कुणी काही फॉरवर्ड केलं की खाली यांचा मेसेज, "हे आपल्याला कोणी सांगितले?" बऱ्याच ग्रुपांनी त्यांना काढून टाकलं. ते कुठल्या ग्रुपने किती दिवसांत काढलं, याचीही नोंद ठेवायचे.

दुसऱ्या वर्षाला असताना माझ्या हातून घडलं.

कॉलेजचं एक सरावाचं पाक्षिक होतं. आम्हीच लिहायचं, आम्हीच छापायचं. महाप्याच्या एका कंपनीत शिकाऊ मुलांना उलट्या-जुलाब झाले होते. त्यातल्या एकाच्या मित्राने मला सांगितलं की ती पोरं तळवलीच्या एका खाणावळीत जेवतात. मी खाणावळीचं नाव, चालवणाऱ्या मावशींचं नाव, सगळं घालून बातमी केली. सरांना त्या आठवड्यात ताप होता. त्यांनी घरूनच प्रत पाहिली आणि मावशींचं मधलं नाव बरोबर आहे एवढं बघून सोडली. अंक निघाला. छापील प्रती थोड्याच होत्या, पण त्याची पीडीएफ या ग्रुपवरून त्या ग्रुपवर गेली. चार दिवसांनी कळलं की मुलं आजारी पडली होती ती कंपनीतल्याच एका कार्यक्रमातलं जेवून. खाणावळीचा काही संबंध नव्हता.

मी रडतच सरांकडे गेले. वाटलं होतं, ओरडतील. ते म्हणाले, "जेवलीस का?"

"नाही."

"मग चल. तिथेच जेवू."

ऐन जेवणाच्या वेळेला आम्ही तळवलीत पोचलो. पत्र्याच्या शेडमध्ये लांबलचक बाकं, आणि एकाही बाकावर माणूस नाही. भाताचं मोठं पातेलं झाकून ठेवलेलं. मावशी पन्नाशीच्या, नाकात मोठी नथनी, पदर खोचलेला. सरांनी जेवण सांगितलं. मी भात नुसता चिवडत बसले. सर सावकाश सगळं जेवले, हात धुतले आणि मग उभे राहून म्हणाले, "ताई, तुमच्याबद्दल पेपरात आलं ते खोटं आहे. ते हिने लिहिलं आणि मी तपासलं. तपासणाऱ्याची चूक मोठी असते. काय बोलायचं ते मला बोला."

मावशी त्यांना सोडून माझ्याकडे वळल्या.

"तू लिवलंस? तुला कोनी सांगला माझे खानावळीचा नाव?"

त्यांनी रिकाम्या बाकांकडे हात केला.

"तू कवा आली व्हतीस का हितं? माझे हातचा जेवली व्हतीस? येऊन इचारली असतीस, त मी सांगितला असता. त्या पोरी-पोरांची नावं बी मला म्हाईत नाय. ती हितं जेवाला येतच नाय."

पुढच्या अंकात सरांनी खुलासा पहिल्या पानावर घेतला. जिथे बातमी होती त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या मथळ्याने. प्राचार्यांनी विचारलं, एवढी जागा कशाला? सर म्हणाले, "जेवढ्या आवाजात शिवी दिली तेवढ्याच आवाजात माफी मागायची असते." त्यानंतर दहा-बारा दिवस रोज दुपारच्या सुट्टीला मी महाप्याच्या कंपन्यांच्या गेटवर अंक घेऊन उभी राहायचे. सर लेक्चर संपवून यायचे आणि पलीकडच्या गेटवर उभे राहायचे. अंक नुसता हातात द्यायचा नाही, तोंडाने सांगायचं, "आधीची बातमी चुकीची होती, ती मी लिहिली होती." पहिल्या दिवशी मी नुसताच अंक हातात देत राहिले. तिसऱ्या दिवशी जमायला लागलं.

महिन्याभराने पुन्हा तळवलीला गेलो. बाकं बरीच भरली होती. मावशींनी मला न विचारता वाढलं. म्हणाल्या, "गिऱ्हाईक आला पोरी. पन सगला नाय आला."

बाहेर पडल्यावर सरांनी खिशातून वही काढून ते वाक्य लिहून घेतलं. मग ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने चालता चालता, मी काही विचारलं नसताना, त्यांनी मला स्वतःची गोष्ट सांगितली.

तरुणपणी ते देशावरच्या एका तालुक्याच्या गावी बातमीदार होते. तिथे पेपरफुटीचं प्रकरण झालं. पोलिसांनी हायस्कूलच्या एका कारकुनाला उचललं. सरांना संध्याकाळची बस गाठून बातमी पाठवायची होती. हवालदाराने नाव आणि आडनाव सांगितलं. पूर्ण नाव हवं म्हणून सरांनी शाळेतल्या एका ओळखीच्याला विचारलं, त्याने सांगितलं, सरांनी लिहिलं. त्याच नावाचे, त्याच आडनावाचे दोन कारकून गावात होते, दोन वेगळ्या शाळांत. फरक फक्त मधल्या नावाचा. सरांनी दुसऱ्याचं लिहिलं.

"तिसऱ्या दिवशी खुलासा आला. चार ओळी. बाजारभावांच्या खाली," सर म्हणाले. "मी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोने दार उघडलं आणि लावून घेतलं. शाळेने काही केलं नाही त्यांना. कुणीच काही केलं नाही. फक्त लोक बोलेनासे झाले. परीक्षेच्या दिवसांत त्यांना ऑफिसच्या किल्ल्या देईनासे झाले. वर्षाभरात ते गाव सोडून गेले."

"कुठे?"

"इकडेच. महाप्याला एका कंपनीत स्टोअरला लागले. आता घणसोलीला असतात."

"म्हणून तुम्ही इथे आलात?"

"मी इथे नोकरी मिळाली म्हणून आलो," सर म्हणाले. एवढं एकच उत्तर मी त्यांचं कधी खरं मानलं नाही.

दर दिवाळीला सर त्या गृहस्थांना पत्र लिहायचे. उत्तर कधीच यायचं नाही. पत्र परतही यायचं नाही, एवढाच आधार.

मी शिकून बाहेर पडले, एका वर्तमानपत्रात लागले, तरी सरांकडे जाणं सुटलं नाही. त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध हाताने लिहिलेला होता. तो टाइप करायचं काम मी मागून घेतलं. प्रत्येक माणसाचं एक प्रकरण. शेवटचं प्रकरण त्या गृहस्थांचं होतं, आणि ते सरांनी स्वतःच्या बाजूने लिहिलं होतं. चूक करणाऱ्याच्या बाजूने. त्या दिवशी बस सुटायला किती वेळ होता, शाळेतला माणूस बोलताना कुठे बघत होता, आपण पुन्हा का विचारलं नाही, असं सगळं. टाइप करताना मी दोनदा उठून पाणी प्यायले. सरांच्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या होत्या, "बाकी सगळं संशोधन आहे. हा प्रबंधाचा जीव आहे." पदवी मिळाली तर सरांची कित्येक वर्षं अडलेली बढती होणार होती. निवृत्तीला फार काळ उरला नव्हता.

सादर करण्याआधी सरांनी ते प्रकरण घणसोलीला पोस्टाने पाठवलं. सोबत चिठ्ठी होती, 'वाचून परवानगी द्यावी. नाही म्हणालात तरी चालेल.' आठवड्याने फोन आला. इतक्या वर्षांत पहिला.

भेटायला त्यांनी घरी बोलावलं नाही, सोसायटीच्या बागेत बोलावलं. सर म्हणाले, "तू चल. मला एकट्याला जमणार नाही." ते गृहस्थ बाकावर आधीच येऊन बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर प्रकरणाचे कागद. सर समोर उभेच राहिले.

"बसा ना सर."

सर बसले. त्या गृहस्थांनी मांडीवरचे कागद सारखे केले. बागेत मुलं सायकली फिरवत होती.

"मी तीनदा वाचलं," ते म्हणाले. "चूक शोधत होतो. एकही सापडली नाही. त्या वेळी माझ्या घराला कुठला रंग होता तेसुद्धा बरोबर आहे."

"मग?"

"म्हणूनच नको."

सरांनी मान हलवली, पण मला राहवलं नाही. मी विचारलं, "का पण काका? यात तुम्ही निर्दोष आहात हेच तर लिहिलंय."

ते माझ्याकडे वळले. आवाज अगदी शांत होता. "बाळा, माझी सून मुंबईची. माझी नात इथेच जन्मली. त्या गावात काय झालं ते त्यांना ठाऊक नाही. सरांनी खरं लिहिलंय, पण ते वाचताना त्यांना आधी आळ कळणार, मग तो खोटा होता हे कळणार. आज त्यांना दोन्ही माहीत नाही. ते बरं आहे."

"नाव बदललं तर?"

"नाव बदललं की तो मी नाही. आणि तो मी नसेन, तर सरांनी एवढं लिहिलं कोणासाठी?"

सरांनी कागद मागितले नाहीत. पिशवीतून स्वतःची हस्तलिखित प्रत काढली आणि त्यांच्या हातात दिली. "एवढंच आहे," म्हणाले, आणि नमस्कार करून उठले.

आम्ही रिक्षाने परतलो. उतरताना सर रिक्षावाल्याचं नाव विचारायला विसरले. घरी आल्यावर माझ्या लॅपटॉपसमोर खुर्ची ओढून बसले. "पुसून टाक." मी फाइल पुसली. "कचऱ्याच्या डब्यातून पण." तिथूनही पुसली. "मेलमध्ये?" तिथूनही. मग ते आत गेले आणि काकूंना म्हणाले, "जरा चहा टाक. झालं काम."

शेवटच्या प्रकरणाशिवाय प्रबंध गेला आणि अपुरा म्हणून परत आला. मार्गदर्शक बाईंनी परोपरीने सांगून पाहिलं, नाव झाका, गाव बदला. सर म्हणाले, "त्यांनी नाही म्हटलंय." तो विषय तिथेच संपला.

पण माझ्याकडे एक पेनड्राइव्ह होता. त्यात ते प्रकरण होतं. सर समोर बसून एकेक जागा विचारत होते तेव्हा त्यांनी पेनड्राइव्हचं विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. इतकं चांगलं लिहिलेलं कुठेतरी असावं, असं मी स्वतःला समजावलं. दोन वर्षांनी आमच्या वर्धापनदिनाच्या अंकासाठी संपादकांनी काहीतरी 'आतून हलवणारं' मागितलं. एका दुपारी ऑफिसात मी ती फाइल उघडली, गावाचं नाव बदललं, माणसाचं नाव बदललं. मधल्या नावाशी आले आणि तिथे काय घालावं ते सुचेना. जे घालीन ते कुणाच्या तरी खऱ्या बापाचं नाव असणार होतं. मी फाइल बंद केली आणि संपादकांना दुसरं काहीतरी दिलं.

सर निवृत्त झाले तेव्हा कॉलेजने समारंभ ठेवला. बॅनरवर सरांच्या नावाआधी 'डॉ.' छापलं होतं. सत्काराला उत्तर द्यायला सर उठले आणि म्हणाले, "पहिल्यांदा एक खुलासा. मी डॉक्टर नाही." सभागृहात हशा पिकला. पहिल्या रांगेत काकू मात्र हसल्या नाहीत, त्यांनी पदराने चष्मा पुसला.

लोक पांगल्यावर मी त्यांना व्हरांड्यात गाठलं, पेनड्राइव्ह हातात दिला आणि सगळं सांगितलं. फाइल उघडल्याचंही.

"मला वाटलंच होतं," सर म्हणाले.

"मग तेव्हा विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तू खोटं बोलली असतीस." त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. "हा माझा नाही. तुझाही नाही. ज्यांचा आहे त्यांना देऊ."

रविवारी सकाळी आम्ही घणसोलीला गेलो. फोनवर ते म्हणाले होते, "खाली थांबा, येतो." ते आले. आता काठी घेऊन चालत होते. सर म्हणाले, "ही एक प्रत राहिली होती. माझा हलगर्जीपणा."

"नाही काका, माझा," मी म्हणाले. "मी लपवून ठेवली होती."

त्यांनी तो चिमुकला तुकडा तळहातावर घेतला. "ह्याच्यात किती मावतं?"

"एक अख्खी लायब्ररी मावेल."

ते हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. पेनड्राइव्ह त्यांनी शर्टाच्या खिशात टाकला आणि सरांकडे बघत राहिले. सरांचेही केस आता पार गेले होते.

"चला वर," ते म्हणाले.

"नको," सर घाईने म्हणाले. "घरात सगळे असतील."

"रविवार आहे. असणारच. चला."

तिसरा मजला, लिफ्ट नव्हती. दोघे म्हातारे प्रत्येक मजल्यावर थांबत, एकमेकांची वाट बघत चढले. दार नातीने उघडलं. असेल दहा-अकरा वर्षांची, हातात रंगाचा ब्रश.

"आजोबा, हे कोण?"

सर उंबऱ्याबाहेर एक चप्पल काढून तसेच थबकले. 

त्या गृहस्थांनी काठी दारामागे टेकवली. "हे आमच्या गावाकडचे," ते नातीला म्हणाले. "फार जुनी ओळख आहे. आईला सांग, पाहुणे जेवून जाणार आहेत."

सर दुसरी चप्पल काढायला वाकले, आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.